घरचा सामना घरी होऊ द्या : अदिस अबाबातून एक खुले पत्र

अदिस अबाबा,
२५ ऑक्टोबर २०२४

प्रति,
मा. अध्यक्ष व पदाधिकारी, इथिओपियन फुटबॉल फेडरेशन,
मा. मंत्री, संस्कृती व क्रीडा, इथिओपिया सरकार,
आणि मा. अध्यक्ष, आफ्रिकेचा फुटबॉल महासंघ ('काफ'),

यांस सविनय नमस्कार.

परवा मंगळवारी, २२ तारखेला, आपण सगळे आमच्या शहरात एका छताखाली बसला होतात. 'काफ'ची सर्वसाधारण सभा अदिस अबाबात भरली. खंडभरातून फुटबॉल संघटनांचे प्रमुख आले, रस्त्यांवर झेंडे लागले, आणि २०२९ ची आफ्रिका चषक स्पर्धा इथिओपियात व्हावी अशी इच्छा पंतप्रधानांनी बोलून दाखवली. ऐकून आनंद झाला. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात इथिओपियाचा संघ गिनीविरुद्ध चार दिवसांत दोन सामने खेळला. त्यांतला एक आमचा 'घरचा' होता आणि दोन्ही सामने आयव्हरी कोस्टमध्ये, आबिजानला झाले. दोन्ही आम्ही हरलो. ज्या शहरात सभा भरू शकते त्या शहरात सामना भरू शकत नाही, ही गोष्ट मला गप्प राहून पचवता येत नाही, म्हणून हे पत्र.

मी मूळचा कोल्हापूरचा. गेली सोळा वर्षं इथे स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो. पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयांकडे पाठवली आहे, आणि एका विद्यार्थ्याने तिचा अम्हारिकमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत, अनुवाद केला आहे. मराठीत यासाठी लिहितो आहे की माझ्यासारखे अनेक मराठी शिक्षक या देशात राबून गेले, काही अजून आहेत. इथल्या मीठभाकरीचं देणं त्यांनाही लागतं. आणि कोल्हापूरच्या माणसाला मैदान म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना असला की पेठांमधली दुकानं ओस पडतात. त्या ईर्षेत मी वाढलो. उद्या कुणी सांगितलं की यापुढे हा सामना नागपूरला होईल, टीव्हीवर बघा, तर पेठांचं काय होईल याची मला कल्पना आहे. इथे नेमकं तेच झालं आहे.

आधी उंचीबद्दल बोलतो, कारण या मैदानाचा विषय निघाला की बाहेरचे लोक आधी तेच विचारतात. अदिस अबाबा साधारण २,३५० मीटरवर आहे, म्हणजे आमच्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही सातशे मीटर वर. हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम तीन चतुर्थांश. मी आलो तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत धाप लागायची आणि पहिली दोन वाक्यं मुलांना नीट ऐकूच जायची नाहीत. पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी दाणा दाणा राहायची. आठ-पंधरा दिवसांत धाप कमी झाली, दोन महिन्यांत अंगवळणी पडलं. समुद्रकाठाहून आलेल्या खेळाडूला मात्र तेवढे दिवस मिळत नाहीत. तो दोन दिवस आधी उतरतो आणि सामना सुरू झाल्यावर तासाभरात त्याचे पाय जड होतात. चेंडूही इथे वेगळा वागतो. हवा विरळ, अडथळा कमी, म्हणून लांब टोलवलेला चेंडू अपेक्षेपेक्षा पुढे पडतो आणि कमी वळतो. पाहुण्या गोलरक्षकाचा अंदाज चुकतो.

हा फायदा आहे, नाकारत नाही. पण तो नियमाबाहेरचा नाही. 'फिफा'ने २००७ मध्ये २,५०० मीटरच्या वर आंतरराष्ट्रीय सामने नकोत असं ठरवलं होतं, तेव्हासुद्धा अदिस अबाबा त्या रेषेच्या खाली होतं. बोलिव्हियाने ला पाझसाठी जोराचा लढा दिला आणि वर्षभरात ती बंदी मागे पडली. आज बोलिव्हियाचा संघ ला पाझच्या ३,६०० मीटरवरून आणखी वर, एल आल्तोच्या ४,१५० मीटरवर खेळायला गेला आहे. गेल्या महिन्यात त्यांनी तिथे व्हेनेझुएलाला ४-० हरवलं, या महिन्यात कोलंबियाला १-०. मेक्सिकोचं आस्तेका स्टेडियम आमच्यापेक्षा शंभरेक मीटरच खाली आहे आणि तिथे दोन विश्वचषकांचे अंतिम सामने झाले. म्हणजे आमचं मैदान उंचीमुळे बंद नाही. ते बंद आहे ड्रेसिंग रूम, आसनं, दिवे, वैद्यकीय खोली, येण्याजाण्याची दारं अशा माणसाने बांधायच्या गोष्टींमुळे. हे काम ज्यांचं, त्यांनाच मी हे पत्र लिहितो आहे.

आता मैदानाबद्दल. मेस्केल चौकाला लागून, जुन्या रेल्वे स्टेशनच्या जवळ असलेलं हे अदिस अबाबा स्टेडियम. जुनी माणसं त्याला अजून इटालियन वळणाचं 'काम्बोलोजो' म्हणतात. आमच्या गल्लीत एक निवृत्त रेल्वे कामगार राहतात. आम्ही सगळे त्यांना 'गाशे' म्हणतो, आपल्याकडे वडीलधाऱ्याला काका-आबा म्हणावं तसं. २१ जानेवारी १९६२ ला ते बारा वर्षांचे होते आणि वडिलांबरोबर या मैदानात होते. आफ्रिका चषकाचा अंतिम सामना, समोर दोनदा जिंकलेला इजिप्त. दोनदा मागे पडून इथिओपियाने बरोबरी केली, शेवटची बरोबरी तर अगदी अखेरच्या मिनिटांत कर्णधार लुचानो वासालोने, आणि जादा वेळेत सामना ४-२ असा काढला. सम्राट हैले सेलासींनी चषक लुचानोच्या हातात दिला. गाशे तो सामना सांगताना उभे राहतात. जादा वेळेत इजिप्तच्या खेळाडूंनी कमरेवर हात कसे ठेवले होते, ते स्वतः करून दाखवतात. इथिओपियाने जिंकलेला तो एकमेव आफ्रिका चषक. त्यानंतर १९६८ आणि १९७६ मध्येही ही स्पर्धा या देशात झाली, आणि तिचे सामने या मैदानावरही झाले.

माझ्या वाट्याला आलेला दिवस १४ ऑक्टोबर २०१२. आधीच्या आठवणी ऐकलेल्या, ही पाहिलेली. सुदानविरुद्धचा पहिला सामना आम्ही तिकडे ५-३ हरलो होतो. एकतीस वर्षं इथिओपिया आफ्रिका चषकात नव्हता. लोक आदल्या रात्रीपासून तिकिटांच्या रांगेत होते. रात्री थंडी किती असते हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही. पांढऱ्या 'नेतला', म्हणजे इथल्या सुती शाली, डोक्यावरून ओढून माणसं भिंतीला टेकून बसली होती, मधूनमधून कुणीतरी गाणं धरायचं. मी पहाटे चारला पोचलो आणि उशीर झाला असं मला सांगण्यात आलं. शेवटी 'कातांगा' म्हणतात त्या स्वस्त बाजूला उभं राहायला जागा मिळाली. पूर्वार्ध कोरडा गेला. उत्तरार्धात अदाने गिर्माने गोल केला, पाठोपाठ सलाहदीन सईदने, आणि मग उरलेला सगळा वेळ आम्ही श्वास रोखून घड्याळ बघत काढला. २-० म्हणजे एकूण ५-५, आणि सुदानच्या मैदानावर केलेल्या गोलांमुळे आम्ही पुढे. शिट्टी झाली तेव्हा माझ्या शेजारचा अनोळखी माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता. मीही. त्या संध्याकाळी मेस्केल चौकातून घरी पोचायला मला तीन तास लागले.

पुढच्याच वर्षी याच मैदानावर इथिओपियाने दक्षिण आफ्रिकेला २-१ हरवलं आणि विश्वचषकाच्या उंबऱ्यापर्यंत मजल मारली. नायजेरियाने मात्र इथे येऊन आम्हाला २-१ हरवलं, तेही मागे पडल्यावर. तेव्हा उंचीमुळे पाहुण्यांचं काही चालत नाही, ही तक्रारही कुणी करू नये. चांगला संघ इथेही जिंकतो.

आता माझ्या तक्रारी मांडतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी. २०२१ च्या शेवटापासून या देशाच्या पुरुष संघाला घर नाही. अदिस अबाबाचं मैदान आधीच अपात्र ठरलं होतं, म्हणून सामने ताना सरोवराकाठी बाहिर दारला होत होते. मग तेही अपात्र ठरलं. त्या नोव्हेंबरात घानाविरुद्धचा 'घरचा' सामना जोहान्सबर्गच्या ऑर्लँडो स्टेडियमवर खेळावा लागला. जून २०२२ मध्ये आमच्या मुलांनी इजिप्तला २-० हरवलं. साठ वर्षांपूर्वीच्या त्या अंतिम सामन्याची आठवण ताजी करणारा विजय, आणि तो झाला मलावीतल्या लिलाँग्वेत. गाशेंनी तो माझ्या मोबाइलवर पाहिला. गेल्या वर्षी विश्वचषक पात्रतेचा सिएरा लिओनविरुद्धचा सामना मोरोक्कोत, एल जदिदाला. गेल्या महिन्यात डी. आर. काँगोविरुद्धचा दार एस सलामला, या महिन्यात आबिजान. यातली शेवटची तिन्ही गावं समुद्रकाठची. अडीच हजार मीटरच्या आसपास वाढलेली, सराव केलेली मुलं खाली दमट उकाड्यात उतरतात आणि त्याला 'घरचा सामना' म्हणतात. निसर्गाने दिलेला एकमेव फायदा आपण स्वतःच्या हाताने टाकून दिला आहे. रिकाम्या गॅलऱ्यांसमोर राष्ट्रगीत म्हणणाऱ्या खेळाडूंचे चेहरे टीव्हीवर दिसतात तेव्हा मला बघवत नाही.

दुसरी तक्रार आदेय अबेबा स्टेडियमची. बोले भागातलं हे नवं राष्ट्रीय स्टेडियम, साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसाठी. कॉफीच्या बीसारखा आकार आणि नाव इथल्या नववर्षाच्या पिवळ्या फुलाचं. पाऊस ओसरला की सप्टेंबरात हे फूल डोंगरउतारांवर पसरतं. आमच्या कासच्या पठारावर सोनकी फुलते तेच दिवस, तोच रंग. म्हणून हे नाव मला पहिल्यापासून आपलं वाटलं. २०१६ च्या सुमारास काम सुरू झालं. मी विद्यार्थ्यांना घेऊन बाहेरून ते बघायला जात असे. खांब, तुळया, पायऱ्यांचे ओतीव भाग हे पुस्तकात शिकवण्यापेक्षा तिथे उभं राहून दाखवणं सोपं. सांगाडा उभा राहिला. छत, आसनं आणि आतल्या कामांच्या दुसऱ्या टप्प्याचा करार २०२० मध्ये झाला, आणि तिथून काम रखडलं. त्या वेळी माझ्याबरोबर सांगाडा बघायला आलेले विद्यार्थी आज स्वतः बांधकामांवर अभियंते आहेत. कंत्राट, परकीय चलन, साथ, युद्ध, महागाई या अडचणी मला ठाऊक आहेत आणि मी त्या क्षुल्लक मानत नाही. पण एक गोष्ट व्यवसायाने सांगतो. काँक्रीटचा सांगाडा उघड्यावर वर्षानुवर्षं सोडला तर बाहेर राहिलेल्या सळ्या गंजतात, सांध्यांत पाणी जातं, आणि इथला पाऊस जून ते सप्टेंबर झोडपून काढतो. उशिराचा खर्च फक्त व्याजाचा नसतो, केलेलं कामही दुरुस्त करावं लागतं. आज तिथे नेमकं काय उरलं आहे, किती पैसे लागतील, कोण करणार, याचा साधा कागद लोकांसमोर नाही.

काम होत नाही असंही नाही. या वर्षी याच शहरात आम्ही पाहिलं की पियासातली जुनी वस्ती काही आठवड्यांत हलली, रस्ते रुंद झाले, फुटपाथ आले, दिवे लागले. त्यात ज्यांची घरं गेली त्यांचं दुःख वेगळं आहे आणि त्यावर वेगळं लिहायला हवं. इथे एवढंच म्हणतो की ठरवलं की या शहरात रात्रंदिवस काम चालतं, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं आहे. मग ड्रेसिंग रूम, स्वच्छतागृहं आणि आसनं यांनाच वर्षं का लागावीत? जुन्या स्टेडियमची डागडुजी चालू आहे हे आम्ही कधीपासून ऐकतो. मी एका कार्यालयात तीनदा लेखी विचारलं. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही.

तिसरी तक्रार क्लबांची. सेंट जॉर्ज हा १९३५ साली स्थापन झालेला क्लब, आणि त्याची नि 'इथिओपियन कॉफी' या दुसऱ्या क्लबची चुरस म्हणजे या शहराच्या पेठा. पण गेल्या काही हंगामांत लीगच शहरोशहरी फिरते आहे : हवासा, अदामा, दिरे दावा. राजधानीचे दोन क्लब राजधानीबाहेर एकमेकांशी खेळतात. स्टेडियमबाहेर स्कार्फ, भाजलेले हरभरे, चहा विकणाऱ्या बायकांचं त्यात काय झालं, ते कुठल्याही अहवालात येणार नाही. त्यांतल्या दोघी आता माझ्या कॉलेजच्या दाराशी बसतात.

चौथी तक्रार 'काफ'कडे. नियम हवेत. दारं अरुंद असलेल्या मैदानात चेंगराचेंगरी होऊन माणसं मेलेली या खंडाने पाहिली आहेत, तेव्हा तपासणी सैल करा असं मी कधीही म्हणणार नाही. पण तपासणीत नेमकं काय कमी पडलं हे प्रेक्षकाला कळत नाही. 'अपात्र' एवढा एक शब्द येतो. मा. अध्यक्ष महोदय, १९५७ साली ही संघटना उभी करणाऱ्या चार देशांत इथिओपिया होता. आपल्या खुर्चीवर १९७२ पासून १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत यिदनेकाचेव तेसेमा बसले, आणि वर्णद्वेषी राजवट असेतो दक्षिण आफ्रिकेला बाहेर ठेवण्यासाठी ते ठाम उभे राहिले. आज आपण, एक दक्षिण आफ्रिकी, त्याच खुर्चीवरून त्यांच्या शहरात सभा घेतलीत. मला सवलत नको. त्या ऋणापोटी थोडी तांत्रिक मदत आणि स्पष्ट उत्तर मागतो.

मी दर रविवारी सकाळी गल्लीतल्या मुलांना एका मोकळ्या जागेत खेळवतो. माती लाल नाही आणि गोलला जाळी नाही, एवढं सोडलं तर तिथे मला कोल्हापूरच दिसतं. त्यांतला तेरा वर्षांचा एक डावखुरा पोरगा आहे. 'वालिया' लिहिलेला हिरवा शर्ट तो आठवडाभर अंगातून काढत नाही. वालिया म्हणजे सिमियनच्या कड्यांवरचा रानबोकड, फक्त याच देशात सापडणारा, त्याचंच नाव राष्ट्रीय संघाला आहे. या मुलाने राष्ट्रीय संघाला प्रत्यक्ष खेळताना एकदाही पाहिलेलं नाही. तो स्टेडियमपासून चालत पंचवीस मिनिटांवर राहतो. गेल्या रविवारी त्याने विचारलं, आबिजान किती लांब आहे. मी सांगितलं. त्यावर तो म्हणाला, मग घरचा का म्हणतात?

माझ्या मागण्या अशा :

फेडरेशन आणि मंत्रालयाने जुन्या अदिस अबाबा स्टेडियमचा 'काफ'चा शेवटचा तपासणी अहवाल जसाच्या तसा, अम्हारिकमध्ये, जाहीर करावा. प्रत्येक त्रुटीपुढे काम कोणाचं आणि पूर्ण होण्याची तारीख लिहावी. दर महिन्याला तो तक्ता स्टेडियमच्या दारावर लावावा.

आदेय अबेबाच्या उरलेल्या कामाची यादी, खर्च आणि कंत्राटाची स्थिती लोकांसमोर ठेवावी. उघड्या सांगाड्याची स्वतंत्र अभियंत्यांकडून तपासणी करून घ्यावी. इथल्या विद्यापीठांत ते करू शकणारे लोक आहेत. बोलावलं तर मी आणि माझे सहकारी विनामोबदला येऊ.

२०२९ च्या यजमानपदाचा अर्ज पुढे नेण्याआधी किमान एक मैदान पुरुष संघाच्या सामन्यासाठी पात्र करून दाखवावं. ते अदिस अबाबात होत नसेल तर तोवर बाहिर दार किंवा दिरे दावा. लोक तिथेही जातील, रात्रभर बस करून जातील.

नवं स्टेडियम झाल्यावर जुनं पाडू नये, विकू नये. तिथे क्लबांचे, शाळांचे, मुलींचे सामने व्हावेत. आणि नव्या स्टेडियममध्ये 'कातांगा'सारखी स्वस्त तिकिटांची एक अख्खी बाजू राखून ठेवावी, जिथे स्कार्फ विकणाऱ्या बाईलाही कधी आत बसून सामना बघता येईल.

पाहुण्या संघांना हवी तर दहा दिवस आधी येऊन सराव करण्याची सोय इथल्याच मैदानांवर द्यावी, म्हणजे उंचीचा आक्षेपही राहणार नाही.

'काफ'ने पुढच्या तीन महिन्यांत आपला तांत्रिक निरीक्षक इथे पाठवावा आणि काय केलं की सशर्त परवानगी मिळेल हे लेखी सांगावं.

उत्तराची मी वाट पाहीन. गाशे आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. काल हे पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली : तिकिटाच्या रांगेत म्हाताऱ्यांसाठी बसायला बाक ठेवा, हेही लिही. म्हणून ती मागणीही यात धरावी.

आपला,
अदिस अबाबातला एक कोल्हापूरकर शिक्षक